सूर्यफुलावरचे भुंगे

लहानूची मान दर पावसाळ्यात सुजायची. गाजरगवत फुलावर आलं की कातडी लाल होऊन फाटायची, आणि तो तोंडाला दुपट्टा गुंडाळून घरात बसायचा. रोहण्यात त्यांच्या शेताला लागून नाला होता आणि काठावर ते गवत कमरेइतकं माजलं होतं. उपटायला गेलं तर त्याच्या बायकोचे, भागीरथाचेही हात खाजायचे. म्हणून जुलैत ती वर्ध्याला कृषी केंद्रात गेली आणि भुंग्यांचे दोन डबे घेऊन आली. हे भुंगे गाजरगवत खाऊन जगतात, असं तिथल्या मॅडमनी सांगितलं होतं.

ऑगस्ट संपता संपता काठावर नुसत्या काड्या उरल्या. त्याच आठवड्यात शेजारच्या शेतातले बबनराव बांधावर आले. हातात सूर्यफुलाचं पान होतं. त्यावर चार भुंगे.

"भागीरथाबाई, गवत संपलं, आता हे माह्या पिकावर चढून राह्यले. उद्या फवारतो मी."

 भागीरथानं तिथूनच मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "उपाशी भुंगे थोडं कुरतडतील. पण सूर्यफुलावर अंडी घालून वाढणार नाहीत, बहुतेक."

तो 'बहुतेक' तिच्या मनातून जाईना.

"बबनभाऊ, तीन दिवस द्या मले. अंडी दिसली तर मीच पंप घेऊन येतो."

रोज सकाळी ती त्यांच्या शेतात पानं उलटून पाहू लागली. पहिल्या दिवशी सहा भुंगे, दुसऱ्या दिवशी एकोणीस. घरी तिनं एका बरणीत सूर्यफुलाचं पान आणि पाच भुंगे ठेवून वर फडकं बांधलं होतं. संध्याकाळी पानाची कड कुरतडलेली दिसली.

"पीक गेलं तं गावात तोंड कसं दाखवू?" ती म्हणाली.

लहानू म्हणाला, "माह्यासाठीच आणले ना तू? दोष आला तर दोघांवर येईन."

तिसऱ्या दिवशी एकतीस भुंगे होते. बबनराव पाठीवर पंप घेऊनच आले.

"अंडी नाई भाऊ. एक बी नाई. तुमीच पाहा."

त्यांनी वाकून दहा-बारा पानं उलटली. मग म्हणाले, "अंडी नाई, पण भुंगे तं हायेत. बांधाजवळच्या दोन ओळी मारतो. बाकी ठेवतो."

तिनं मान डोलावली. भुंगे टपटप खाली पडताना ती तिथंच उभी राहिली.

आठवडाभर पाऊस झाला. नाल्याकाठी गाजरगवत पुन्हा उगवलं आणि उरलेले भुंगे तिकडे वळले, त्यामुळे ते फुलावर आलंच नाही. आतल्या ओळींत पानांच्या कडा तेवढ्या खाल्ल्या गेल्या होत्या, फुलं भरली.

लहानूची मान त्या वर्षीही सुजली, पण फाटली नाही. सप्टेंबरात तो उघड्या तोंडानं शेतावर आला. भागीरथा त्याच्याकडे पाहून हसली, आणि बबनरावांचं पीक निघेपर्यंत रोज जाऊन पानं उलटत राहिली.