चिंधी पांढरी येईपर्यंत

जावई दंतवैद्य असल्याचा सासूबाईंना पाच वर्षांत कवडीचा उपयोग झाला नव्हता, कारण वयाच्या चौसष्टाव्या वर्षीही त्यांचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते. दंतवैद्याला हे मनातून लागायचं. दर रविवारी जेवताना तो त्यांच्या तोंडाकडे आशेने बघत बसायचा.

म्हणून त्या रविवारी सकाळी सासूबाई म्हणाल्या, "रायफल बिघडलीय. गोळ्या एका जागी बसेनात," तेव्हा तो खुर्चीतून उडालाच. दुपारी चारला नेमबाजी क्लबाची अंतिम फेरी होती, आणि सासूबाईंनी आठ वर्षं अजिंक्यपद हातचं सोडलं नव्हतं.

"आई, नळीत तांबं साचलंय. गोळीवरचं तांबं घासून आत चिकटतं. दातांवर कीटण बसतं ना, अगदी तसंच. माझं रोजचं काम आहे हे. द्या इकडे."

"तीनपर्यंत होईल?"

"चिंधी पांढरी आली की साफ झाली म्हणायचं. बाराला देतो."

"नाही झाली, तर मी नाव मागे घेणार," सासूबाई म्हणाल्या. "घाणेरडी नळी घेऊन चारचौघांत हसं करून घ्यायचं नाहीये मला."

झालं. आठ वर्षांची अब्रू दंतवैद्याच्या गळ्यात.

त्याने रायफल स्वयंपाकघरातल्या टेबलावर आडवी टाकली, मागचा सरकता बोल्ट काढून बाजूला ठेवला आणि बाह्या सरसावल्या. सळईच्या पितळी टोकाला चिंधी लावायची, अमोनियाच्या औषधात बुडवायची, नळीत मागून घालायची आणि पुढून काढायची. आत तांबं असेल तर चिंधी निळी येते. पहिली आली ती मोरासारखी निळी. "बघा, काय माल निघतोय!" तो ओरडला. दहावीही निळी आली. चाळिसावीही. तेव्हा तो ओरडायचा थांबला होता.

साडेअकराला चिंध्या संपल्या आणि सासरेबुवांचं बनियन कात्रीखाली गेलं. सासरेबुवांनी चाळीस वर्षं नळदुरुस्ती केली होती. पाणी आणि शब्द, दोन्ही वाया जाऊ द्यायचे नाहीत, हा त्यांचा बाणा होता. बनियन फाटल्याचा आवाज ऐकून त्यांनी फक्त पेपरचं पान उलटलं. मग दुसरं बनियन गेलं, तिसरं गेलं, एक उशीचा अभ्रा गेला. घरात असा वास सुटला की माश्यांनी आपणहून खिडकी गाठली. दंतवैद्याचे डोळे घळाघळा वाहत होते. नाकाला कपड्यांचा चिमटा लावलेला.

सोफ्यावर त्याची बायको कूस बदलून म्हणाली, "झालं का रे?"

"डिळीच येतेय!"

"बरं," ती म्हणाली आणि पुन्हा झोपली.

पावणेतीनला दोनशे एकोणतिसावी चिंधी निळी आली. दंतवैद्याची खात्री पटली की ही रायफल नसून तांब्याची खाण आहे. त्याने इकडेतिकडे पाहिलं, चौथ्या बनियनाचा एक कोरा तुकडा कापला, नळाखाली ओला केला, पिळला आणि बाहेर धावला.

"आई! पांढरी!"

सासूबाईंनी चिंधी घेतली, उलटसुलट केली, नाकापाशी नेली. मग रायफल उचलून त्यांनी मागच्या बाजूने नळीला डोळा लावला आणि खिडकीतल्या उजेडाकडे बघितलं.

"चला," त्या म्हणाल्या.

क्लबात त्यांची पहिलीच गोळी कागदाच्या कोपऱ्यात, जिथे पत्ता लिहावा तिथे लागली. दंतवैद्याने सासरेबुवांचा दंड धरला.

"बाबा, मी फसवलं त्यांना. ती चिंधी नळीत घातलीच नव्हती. आत अजून खच्चून तांबं आहे."

सासरेबुवांनी विचार केला. "त्या सळईचं टोक कशाचं आहे?"

"पितळेचं."

"आणि पितळेत काय असतं?"

दंतवैद्याचं तोंड उघडं पडलं. आतल्या दोन दाढा भरलेल्या दिसल्या.

"तांबं," सासरेबुवा म्हणाले. "अमोनिया लागला की पितळातूनसुद्धा निळं सुटतं. नळी साडेदहालाच साफ झाली असणार. पुढे तुम्ही नुसतं टोक धूत होता."

"मग सांगितलं का नाहीत?"

"मला वाटलं, तुम्हाला आवडतंय."

"आणि ही गोळी?"

"सरावाची. साफ नळीची पहिली गोळी उंडारतेच. ती मोजत नाहीत."

यानंतर सासूबाईंनी मोजायच्या दहाही गोळ्या एका बटणाएवढ्या भोकात घातल्या आणि नवव्यांदा अजिंक्यपद घेतलं. आपली थाप परस्पर खरी झाली, हे सुख दंतवैद्याला सोसवेना. तो धावत गेला.

"आई, एक सांगू? ती चिंधी..."

"साबणाचा वास मारत होती."

"कळलं होतं तुम्हाला? मग आलात कशा?"

"डोळे आहेत ना मला? नळी आरशासारखी झालीय. अकराला तुम्ही तोंड धुवायला गेलात, तेव्हाच बघून घेतली होती मी."

"अकराला! मग पुढचे चार तास मी..."

त्याने बायकोकडे पाहिलं. तिचा चेहरा टवटवीत होता. "किती शांत गेला रे आजचा रविवार," ती म्हणाली.

दंतवैद्याने रुसायचं ठरवलं. पण तेवढ्यात सासूबाईंनी चषक त्याच्या हातात कोंबला आणि साऱ्या क्लबाला खणखणीत आवाजात सांगितलं, "नळी आमच्या जावयांनी साफ केली बरं का!" हे खरंच होतं, त्यामुळे त्याला धड रुसताही येईना. टाळ्या झाल्या. सहा माणसं लागलीच आपापल्या रायफली घेऊन त्याच्यापुढे रांगेत उभी राहिली.

नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं, तोवर बायकोने रविवारांच्या तारखा वाटायला घेतल्या होत्या.