कूलरची खिडकी

जग बुडायला आलं तरी माणूस दाराचा रंग विचारल्याशिवाय राहत नाही, हे धर्मपालला त्या एप्रिलमध्ये कळलं. अकोल्यात डाबकी रोडला त्याचं लोखंडी दारं बनवायचं दुकान. अमरावतीत मेलेली माणसं उठून चालायला लागली अशी बातमी आली त्या दिवशी लोक हसले. चौथ्या दिवशी अमरावतीहून अकोल्याकडे येणारा बडनेऱ्याचा रस्ता बंद झाला आणि दुकानापुढे रांग लागली. कोणाला दारावर मोर हवा होता, कोणाला चार चाव्यांचं महागडं कुलूप. एका वकिलानं तर दार बाहेरून कसं दिसलं पाहिजे ते कागदावर काढून आणलं होतं.

"वकीलसाहेब, कुलूप चोरासाठी असते," धर्मपाल म्हणाला. "उठलेल्याले चावी काय अन् कडी काय. तो फक्त ढकलते. दहा जण मिळून ढकलतात. कुलपाचा इचार सोडा, दाराच्या पोटात लोखंड किती हाय ते पाहा."

उठलेले, असंच सगळे म्हणायचे. ते बोलत नाहीत, एवढं एव्हाना लोकांना कळून चुकलं होतं. म्हणून गल्लोगल्ली एकच नियम झाला. दारावर येऊन जो नाव सांगेल तो जिवंत, त्याला आत घ्यायचं. जो सांगणार नाही त्याला नाही, मग तो कोणीही असो.

धर्मपालनं आधी गिऱ्हाइकांची दारं केली, स्वतःचं सगळ्यात शेवटी. पण ते असं केलं की ज्याचं नाव ते. जाड पत्रा, आतून लोखंडाचे आडवे आठ अँगल, वर-खाली अल्ड्रॉपच्या दोन जाड कड्या. बसवून झाल्यावर त्यानं दाराला एक लाथ घालून पाहिली आणि पाय चोळत बसला. पाय दुखत होता, पण गडी खूश होता. घरात बायको जाईबाई, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली लेक भावना आणि तिची पंधरा दिवसांची पोर. पोरीचं नाव ठेवायचं राहिलं होतं, कारण पोरीचा बाप, ललित, अमरावतीत अडकला होता. पाच दिवसांपूर्वी त्याचा फोन आला होता, मोटरसायकलनं निघतो म्हणून. त्यानंतर सगळ्यांचेच फोन बंद पडले. भावना रोज दाराकडे तोंड करून बसायची.

घर दोन खोल्यांचं, तिन्ही बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंती. खिडकी एकच, दाराला लागून, आणि तिच्यात कूलर. कूलर बसावा म्हणून खिडकीचे गज धर्मपालनंच सात वर्षांपूर्वी कापले होते. अकोल्यात हे घरोघरी केलेलं आहे. हत्ती अडेल असं दार आणि त्याच्या शेजारी दीड हाताचं भगदाड, प्लास्टिकच्या डब्यानं झाकलेलं. रांगेतल्या एकानंही खिडकीचं विचारलं नाही आणि इतक्या वर्षांच्या या मिस्त्रीच्याही ते ध्यानात आलं नाही. मग पलीकडच्या गल्लीत एका घरात उठलेले कूलर आत ढकलून शिरले. चार माणसं गेली. दार होतं तसंच बंद होतं, धर्मपालच्या हातचं. ते पाहून आल्यावर तो स्वतःच्या कूलरपुढे वीज यायची वाट पाहत बसला.

वीज दिवसातून एक तास यायची, दुपारी चारला. त्या तासात त्यानं कूलर ओढून काढला आणि उरलेला शेवटचा पत्रा खिडकीवर वेल्ड करून टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारालाच घराची भट्टी झाली. मे लागला होता आणि वरचा स्लॅब तापून आत आग ओकत होता. पोर आधी रडली, मग रडायची थांबली. भावनानं छातीशी धरलं तर तिनं तोंडच उघडलं नाही.

"पत्रा काढा," जाईबाई म्हणाली. वीस वर्षं ती दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात आया होती, उगाच बोलणारी नव्हती.

"अन् ते आत आले म्हंजे?"

"ते येतील तवा येतील. हे लेकरू आज संध्याकाळपर्यंत नाई रायत."

"चार माणसं गेली तिकडं. माह्या दाराच्या बाजूच्या खिडकीपायी गेली. मले नको शिकवू."

"तुमाले तुमच्या दाराचंच पडलं हाय."

हे त्याला असं लागलं की तो हात उगारायच्या बेतात आला. त्याऐवजी तो पोरीजवळ जाऊन बसला आणि त्यानं तिच्या तळहातावर बोट ठेवलं. कालपर्यंत ती बोट घट्ट धरायची. आज मूठ मिटलीच नाही. धर्मपालला रडू आलं, आणि ते त्यानं कोणापासून लपवलं नाही. जाईबाईचं खरं होतं. त्याला पोर वाचवायची होती, पण त्याहून जास्त त्याला पुन्हा चुकायचं नव्हतं.

पत्रा काढायचा तर खिडकीला गज हवे, आणि लोखंड सगळं लोकांच्या दारांत गेलेलं. घरात लोखंड उरलं होतं ते एकाच ठिकाणी. चारला वीज आली तशी त्यानं ग्राइंडर घेतला आणि स्वतःच्या दाराचे आठही अँगल एकामागून एक कापून काढले. खिडकीचा पत्रा उतरवला आणि तिथं ते आठ अँगल उभे वेल्ड केले, मधून हाताशिवाय काही जाणार नाही असे. तो काढलेला पत्रा दाराला आतून लावायचा त्याचा बेत होता. त्याआधीच वीज गेली.

जाईबाईनं चादर भिजवून खिडकीला आतून टांगली. वारा यायला लागला. अर्ध्या तासानं पोर कुरकुरली आणि दूध ओढायला लागली. जाईबाईनं नवऱ्याला पाण्याचा तांब्या आणून दिला आणि त्याच्याजवळ नुसती उभी राहिली.

साडेपाचच्या सुमारास दाराला धक्का बसला. पत्रा आत फुगला, परातीच्या बुडासारखा. अल्ड्रॉप करकरले. धर्मपाल धावला, दाराला पाठ लावून बसला आणि पाय दाराच्या आतल्या पायरीला रोवले.

"कोण हाय? नाव सांगा."

पुन्हा धक्का.

"बाबा, ते असतील," भावना उठून बसली. "थकले असतील. नीट इचारा ना."

"ललितराव, तुमी हाय काय?" मान वळवून धर्मपाल म्हणाला. "जावईबापू, एक शब्द बोला."

जावई यायचा असला की हा माणूस चौकापर्यंत घ्यायला जाणारा. दार वाजवायची वेळ त्यानं जावयावर कधी येऊ दिली नव्हती. धक्के थांबले तसा तो उठला आणि त्यानं चादरीचा कोपरा उचलून पाहिलं. बाहेर ललितच होता. डोक्यावर हेल्मेट तसंच होतं, पट्टाही लावलेला. पट्ट्याखाली गळा उरला नव्हता.

धर्मपालनं चादर सोडली आणि परत दाराशी येऊन बसला.

"कोण हाय, बाबा?"

"कोणी नाई, माय. तू पोरीले पाज."

तेवढ्यात खिडकीवर काहीतरी आपटलं. अँगल हलले नाहीत. पण उन्हं उतरली होती, आणि ओल्या चादरीवर हेल्मेट घातलेल्या डोक्याची सावली स्पष्ट पडली. भावना तिच्याकडे पाहत राहिली. जाईबाईनं तोंडाला पदर लावला.

"ललित," भावना म्हणाली. लग्नानंतर आईबापांसमोर तिनं नवऱ्याला नावानं कधी हाक मारली नव्हती. "ललित, मी हाय. बोल."

सावली हलली, बोलली नाही. मग ती सरकली आणि दारावर पुन्हा धक्का बसला, या वेळी दोघातिघांचा. धर्मपालच्या टाचा पायरीवरून घसरल्या.

भावनानं पोर आईच्या मांडीवर दिली. उठून ती बापाच्या शेजारी आली आणि दाराला पाठ लावून बसली.