शांत समुद्राची धास्ती

मी गिऱ्हाइकांना वारा असला तरच समुद्रावर नेते, हे ग्रीनलंडमधल्या आमच्या उमान्नाक गावात पोराटोरांनाही ठाऊक आहे. लोक हसतात. हसेनात का! बाकीचे गाइड सकाळी खिडकीतून बघतात आणि पाणी ताटासारखं सपाट दिसलं की निघतात. मी सपाट पाणी दिसलं की म्हणायची, "आज नको. तो मोठा हिमनग फुटायच्या बेतात आहे." नाहीतर पोट बिघडायचं. एका बाईचं पोट एका उन्हाळ्यात किती वेळा बिघडावं याला काही धरबंध असतो, पण माझा भाऊ कालेराक भिडस्त. तो काही विचारायचा नाही. तशी आमच्या लोकांची रीतच आहे, कोणी कोणाला खोदून विचारत नाही. ज्याचं त्यानं सांगितलं तर ऐकून घ्यायचं.

खरी गोष्ट अशी, की मला 'ते' झालं होतं. त्याला आमच्या भाषेत नाव आहे, पण पाण्यावर असताना ते कोणी घेत नाही आणि जमिनीवर घेतलं तरी आवाज खाली आणून घेतात. वारा साफ पडलेला असतो. ऊन समोरून डोळ्यांत येत असतं. पाण्यावर एक सुरकुती नाही, आकाश कुठं संपतं आणि समुद्र कुठं सुरू होतो ते कळत नाही. अशा वेळी कयाकमध्ये, म्हणजे आमच्या एकट्यानं वल्हवायच्या अरुंद होडीत, बसलेल्या माणसाला वाटायला लागतं, की होडीचं टोक वर वर चाललंय, आत गार पाणी चढतंय, आता उलटणार. प्रत्यक्षात काही झालेलं नसतं. पण हात वल्ह्याला चिकटतात ते हलत नाहीत. आणि असा माणूस फार वेळ बसला तर खरंच उलटतो. आमचे चांगले चांगले शिकारी असे गेलेत. वादळातून घरी आलेली माणसं शांत दिवशी गेली.

मला पहिल्यांदा झालं ते गेल्या सप्टेंबरात, बंदराच्या तोंडाशी. एकटीच होते. नशीब, की लांबून कोणाची तरी मोटरबोट गेली, तिच्या लाटांनी माझी होडी हलली आणि मी सुटले. घरी आले, कॉफी केली, आणि कोणाला अवाक्षर बोलले नाही.

बोलणार कशी? आमच्या घरात ते आधीच एकदा येऊन गेलं होतं. बाबा उमेदीत असताना कयाकवरून सीलची शिकार करायचे, मोठं नाव होतं म्हणतात. मग एके दिवशी त्यांनी कयाक वर ओढून ठेवली ती कायमची. कारण विचारलं की पाठ दुखते म्हणायचे. पुढं जन्मभर मासळीच्या कारखान्यात हॅलिबट साफ केला. तिथं दिवसभर पेट्या उचलताना पाठ बरी असायची. गावाला कळायचं ते कळलं होतं, तोंडावर कोणी बोललं नाही इतकंच. माझ्या मैत्रिणींचे बाप सील घेऊन किनाऱ्याला लागायचे तेव्हा आख्खी गल्ली धावायची. माझा बाप रबरी बूट घालून कारखान्यातून चालत यायचा. मला त्यांचा राग यायचा. खोटं कशाला बोलू, चांगली मोठी झाले तरी यायचा. आणि आता तेच माझ्या अंगात शिरलं होतं. कयाक सोडली तर मी करणार काय? त्याच कारखान्यात जाऊन मासळी कापणार?

म्हणून हे वाऱ्याचं सोंग.

या ऑगस्टमध्ये दोन पाहुणे आले. मोयरा ही न्यूझीलंडची, साठी उलटलेली, खांदे पैलवानाचे आणि तोंड चोवीस तास चालू. दुसरे हासेगावा, जपानचे निवृत्त मास्तर. ते इतके शांत, की जेवताना चमच्याचासुद्धा आवाज होत नसे. मोयरानं जगातलं पाणी पालथं घातलेलं होतं. फिजी, चिली, नॉर्वे, अलास्का. कुठलीही गोष्ट दाखवा, तिनं त्याहून मोठी पाहिलेली असायची.

"हा हिमनग छान आहे हं," ती म्हणायची. "पण चिलीला आम्ही जो पाहिला ना..."

"मग तिकडंच राहायचं होतंस," मी आमच्या भाषेत पुटपुटायची. कालेराक खाली मान घालून हसायचा.

पहिले तीन दिवस वाऱ्याचे होते, माझं पोट अगदी उत्तम होतं. चौथ्या दिवशी खाडी ओलांडून पलीकडच्या किनाऱ्यावर मुक्काम करायचा होता. कालेराक तंबू आणि शिधा मोटरबोटीत घालून पुढं गेला. सकाळी वारा बेताचा, लाटा गुडघाभर. मला हवं तसं. आम्ही तिघं निघालो.

खाडीच्या मध्यावर आलो आणि वारा पडला.

कमी झाला, मंद झाला असं नाही. पडलाच, हातातून भांडं निसटावं तसा. थोड्या वेळात लाटा विरल्या आणि पाणी चकचकीत झालं. ऊन समोर. मी खाली मान घातली, वल्ह्याकडे बघत मारत राहिले. मनात म्हटलं, रेगिने, वर बघू नकोस, मोज. एक, दोन. एक, दोन. बारा-पंधरा वल्ही मारली असतील आणि टोक उचलायला लागलं.

टोक उचललेलं नाही हे मला कळत होतं. हे लोकांना सांगून पटत नाही. डोकं म्हणत होतं, बाई, होडी सरळ आहे. पण अंग ऐकेना. पाय गार पडले. वल्हं मांडीवर आडवं, बोटं त्याला जखडलेली. छातीवर रेडिओ होता, बटण दाबलं की कालेराक आला असता. पण त्यासाठी एक हात सोडावा लागला असता, आणि हात माझा राहिलाच नव्हता. एरवी इथं सारखा कुठला ना कुठला हिमनग फुटतो, लाट येते. त्या दिवशी एक मेला फुटेना!

मोयरा पुढं होती, तिची टकळी चालूच. "फिजीला असंच पाणी होतं बरं का, अगदी आरसा, खाली मासे दिसत होते..." आवाज लांब लांब चालला होता. हासेगावा तिच्याही पुढं. दोघं जर अशीच गेली, तर मागं वळून बघतील तेव्हा माझी होडी पालथी दिसेल, एवढं मला स्वच्छ दिसत होतं. हाक मारायला हवी होती. आणि काय सांगू, मरण समोर असताना माझ्या डोक्यात येत होतं ते असं, की गाइडनंच गिऱ्हाइकाला हाक मारायची? ही बाई जगभर सांगत सुटेल. 'ग्रीनलंडला एक गाइड होती ना, तिला आम्हीच धरून आणली.' गावात पसरेल. बापासारखीच निघाली म्हणतील. या सगळ्याचा मी पुरता विचार करून घेतला. माणूस किती मूर्ख असतो.

तेवढ्यात मोयराला मी मागं राहिल्याचं कळलं. तिनं होडी वळवली, कॅमेरा काढला आणि ओरडली, "अशीच थांब! हलू नकोस! काय सुंदर दिसतेयस!"

माझं टाळकंच फिरलं. इथं जीव चाललाय आणि ही बया फोटो काढतेय!

"अगं फोटो घाल चुलीत!" मी किंचाळले. कुठल्या भाषेत ते देव जाणे. मग इंग्रजीत किंचाळले, "माझी कयाक धर! मला हलता येत नाहीये! धर लवकर!"

राग नसता तर तो आवाज निघाला नसता, हे मी लिहून देते.

मोयरानं कॅमेरा तसाच मांडीवर टाकला आणि आली. बाई बोलायला जितकी, वल्हं मारायलाही तितकीच. माझ्या शेजारी होडी लावली, माझ्या होडीवर आडवी होऊन आपलं सगळं वजन टाकलं आणि घट्ट धरली. "धरलंय. कुठं जात नाहीस तू. आता काय करू?"

"हलव."

"काय हलवू?"

"होडी हलव. पाणी हलव. पाणी असं सपाट नको!"

कुणी दुसरं असतं तर विचारलं असतं, का? तिनं विचारलं नाही. जात्यावर बसल्यासारखी माझी होडी डावी-उजवी हलवू लागली आणि ओरडली, "हासेगावा-सान! इकडं या! पाणी बडवा!"

आणि ते मास्तर, तीन दिवसांत ज्यांचा चमचा वाजला नव्हता, ते आमच्यासमोर आले आणि वल्ह्यानं पाणी बडवायला लागले. धाड, धाड, धाड. चेहरा परीक्षेला बसल्यासारखा गंभीर. पाणी उडून त्यांचा चष्मा भिजला, टोपी वाहून गेली, तरी थांबेनात. समोरचा आरसा फुटला, पाण्याला घड्या पडल्या, आणि माझं टोक हळूहळू खाली आलं. बोटं सुटली. मी रडायला लागले आणि मग हसायला लागले, कारण ते अजून बडवतच होते.

"पुरे, मास्तर," मी म्हटलं. "मेला आता समुद्र."

उरलेली खाडी आम्ही होड्या एकमेकींना टेकवून पार केली. मी मध्ये. मोयरा सगळा वेळ बोलत होती आणि मला पहिल्यांदाच वाटलं, की हिनं तोंड बंद करू नये.

किनाऱ्यावर कालेराक सूप ढवळत होता. तीन होड्या अशा चिकटून येताना पाहून तो पळी हातात घेऊन पाण्यापर्यंत आला. विचारलं काही नाही. मोयरानं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "गप्पा रंगल्या, म्हणून जवळजवळ आलो."

त्या बाईविषयी मी मनात जे जे बोलले होते ते सगळं मी तिथल्या तिथं परत घेतलं. ती झाकून न्यायला तयार होती. मला फक्त मान हलवायची होती. पण मला त्या सोंगाचाच वीट आला होता.

"गप्पा नाही," मी भावाला म्हटलं, आणि त्या गोष्टीचं नाव घेतलं. मोठ्यानं, पाय पाण्यात असताना.

कालेराकनं विचारलं, "बाबांसारखं?"

"बाबांसारखं."

"तरीच तुझं पोट," तो म्हणाला. मग म्हणाला, "मोटरबोट चालवायला दुसरं कोणी बघू. शांत दिवशी मी तुझ्या शेजारी येत जाईन. सूप घे, ताई."

संपलं. वर्षभर मी ज्याच्यासाठी जीव मुठीत धरून होते ते एवढ्यात संपलं. मला माझाच इतका संताप आला, की सूप चवीला कसं होतं ते आठवत नाही.

पाहुणे गेले त्या दिवशी मी बाबांकडे गेले. ते घरामागं फळीवर हॅलिबटच्या पट्ट्या कापत होते, वाळत घालायला. या वयातही सुरी सरळ चालते.

"झाली सहल?"

"झाली. बाबा, खाडीत मला ते झालं. तुमचंच."

सुरी थांबली. हे वाक्य आमच्या घरात आजवर कोणी उच्चारलेलं नव्हतं. मला वाटलं, आता उठून आत जातील.

"ऊन समोर होतं?" त्यांनी विचारलं.

"समोरच."

"टोक वर गेलं, की मागची बाजू बुडाली?"

"टोक वर."

"माझी मागची बुडायची," ते म्हणाले, जसं गुडघेदुखीबद्दल बोलावं तसं. "मग? सुटलीस कशी?"

"गिऱ्हाईक बाई होती. तिला ओरडले, माझी कयाक धर म्हणून."

"आणि?"

"तिनं धरली."

"बस्स?"

"बस्स. परवा पुन्हा जातेय. कालेराक असेल शेजारी."

बाबांनी सुरी फळीवर ठेवली. हात पुसले, पुन्हा पुसले. "मी कयाक वर ओढून ठेवली त्या दिवशी सामुएल होता माझ्या शेजारी," ते म्हणाले. सामुएल म्हणजे त्यांचा शिकारीतला जोडीदार, तो जाऊनही आता बरीच वर्षं झाली. "इतका जवळ होता, की वल्हं आडवं केलं असतं तर त्याला लागलं असतं."

आम्ही सगळे धरून चाललो होतो, की बाबा एकटे होते.

"मग बोलला का नाहीत?" मी ओरडलेच. "अहो, तोंड होतं ना तुम्हाला! भावासारखा मित्र शेजारी, एक शब्द टाकायचा होता! सगळा जन्म त्या कारखान्यात घातलात, बाबा!"

"बोलणारच होतो," बाबा म्हणाले. "तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात वारा आला, होडी हलली, आणि मी मोकळा झालो. सामुएलनं वळून विचारलं, 'काय रे, काही म्हणालास?'"

"मग?"

"मी म्हटलं, काही नाही."