अर्ध्या जिन्यातल्या गोष्टी

ताईने धाकटीच्या स्वेटरची बटणं पुन्हा लावायला घेतली. तपासणीच्या खाटेवरून उतरताना धाकटीने पहिलंच बटण चुकवलं होतं आणि पुढची सगळी एकेक घर खाली सरकली होती.

"असू दे गं. या वयात कोण बघायला येणार आहे मला?"

"हलू नकोस."

टेबलामागच्या डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या. "हृदयाची झडप खराब झालीय. ऑपरेशन करावं लागेल. पण फुफ्फुसांवर किती वर्षं ताण पडलाय, त्यावर पुढची तयारी ठरते. नीट आठवून सांगा, धाप कधीपासून लागते?"

"झाली असतील पाच वर्षं," धाकटी चटकन म्हणाली.

ताईची बोटं शेवटच्या बटणावर अडली.

"तुम्ही बहीण ना? एकत्र राहता?" डॉक्टरीणबाईंनी ताईकडे पाहिलं. "पाचच वर्षं?"

"तिचं तिलाच माहीत," ताई म्हणाली आणि बटण लावून टाकलं.

डॉक्टरीणबाईंनी एक छापील कागद पुढे सरकवला. उद्या सकाळी भरून आणायचा होता. ताई औषधं घ्यायला खिडकीपाशी गेली, तेवढ्यात बाकावर बसून धाकटीने तो भरूनही टाकला.

दोघींचा बाइंडिंगचा कारखाना तिसऱ्या मजल्यावर होता. कारखाना म्हणायचा एवढंच. वडिलांच्या वेळची एक लांबट खोली, आणि मागे राहायच्या दोन. कागदाचे गठ्ठे वर आणणं, पुठ्ठे कापणं, दाबयंत्राचा दांडा ओढणं ही उभ्याची कामं ताईची. धाकटी खिडकीशी बसून फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या छापील पानांचे जुडगे, शिवायची. तिची शिलाई इतकी एकसारखी असे की पुस्तक फाटलं तरी पाठ सुटत नसे. पण उठ म्हटलं की तिच्या जिवावर यायचं. 'निवांत' हे नाव तिला ताईनेच दिलेलं. पुढे गिऱ्हाइकंसुद्धा तेच म्हणू लागली आणि धाकटी त्याला हसून ओ देऊ लागली.

ताई कठड्याला हात न लावता तीन मजले चढायची. जिन्यात कुणी भेटलंच, तर मान हलवून पुढे. धाकटीला मात्र तोच जिना चढायला अर्धा तास लागे. पहिल्या मजल्यावर गाण्याच्या बाई, दुसऱ्यावर घड्याळवाल्यांची सून. ज्या दाराशी ती थांबे ते दार उघडे. कुणाच्या मुलीचं कुठे बिनसलंय, कुणाच्या गुडघ्यात पाणी झालंय, सगळं तिला ठाऊक. दोघी एका आईच्या पोटच्या वाटत नाहीत, असं लोक म्हणत. ताई म्हणे, "बसून बसून अंगाला गंज चढलाय तिच्या. दुसरं काही नाही."

अगदी पहिल्यांदा ती थांबली तो दिवस ताई विसरली नव्हती. धाकटी अकरा वर्षांची, ताई सोळाची. वर्षाअखेरच्या वह्यांचं काम आलं होतं आणि दोघी गठ्ठे वर नेत होत्या. पहिल्या वळणावर धाकटी मटकन खाली बसली.

"ताई, थांब ना. छातीत कसंतरी होतंय."

तिचे ओठ दौत सांडल्यासारखे जांभळे दिसत होते. ताईने ते पाहिलं. खाली अजून सहा गठ्ठे होते आणि वरून वडिलांच्या हाका येत होत्या.

"सोंगं पुरेत. ऊठ, निवांत."

धाकटी उठली. त्यानंतर छातीबद्दल ती कधीच बोलली नाही. नंतर नंतर ती जिन्यात थांबली की म्हणायची, "ताई, एक गंमत सांगू?" आणि ताई चढता चढता म्हणायची, "वर येऊन सांग." वर आल्यावर ताई विचारायची नाही आणि धाकटी सांगायची नाही.

आजही पहिल्या वळणावर धाकटीने कठडा धरला.

"ताई, एक गंमत सांगू? ती दवाखान्यातली नाव पुकारणारी बाई होती ना..."

ताईचा पाय पुढच्या पायरीवर गेलाच होता. तो तिने मागे घेतला. पिशवी ठेवली आणि पायरीवर बसली. गुडघे कडकन वाजले.

"सांग."

"इथे?"

"हो. बस तूही."

धाकटी तिच्याशेजारी टेकली. "तिने ना, एका आजोबांना..." ती थांबली. स्वेटरची बटणं वरखाली होत होती.

"मग?"

"मग काही नाही."

"अगं, पण शेवट काय गमतीचा?"

धाकटी हसली. हसताना पुन्हा श्वास पुरेना, तेव्हा हात वर करून तिने ताईला थांबायला सांगितलं. मग दोरा संपलाय हे सांगावं तितक्या साधेपणाने म्हणाली, "शेवट कुठला गं? तू वळणाआड जाईपर्यंत पुरेल एवढीच असायची गोष्ट. मग तोंड उघडं टाकून श्वास घेता यायचा."

वर कुणाच्या तरी नळाचं पाणी वाहत होतं. ताईने पिशवीतून कागद काढला, पेन काढलं.

"खोडू नकोस, ताई. तुझ्यासमोर विचारत होत्या त्या. काय सांगायचं होतं मी?"

ताईने 'पाच वर्षे' वर एक सरळ रेघ ओढली आणि गुडघ्यावर कागद धरून लिहिलं, 'वयाच्या अकराव्या वर्षापासून.' त्याखाली प्रश्न होता, 'घरात प्रथम कोणाच्या लक्षात आले?' ती जागा धाकटीने कोरी सोडली होती. ताईने तिथे लिहिलं, 'मोठ्या बहिणीच्या.' अक्षर वेडंवाकडं आलं. शेवटचं धड दिसेना, म्हणून तिने चष्मा काढला.

पहिल्या मजल्यावरचं दार उघडलं. गाण्याच्या बाई कठड्यावरून वाकल्या.

"निवांत, आलीस का? मी केव्हाची वाट... अगंबाई! ताई, तुम्ही? आणि जिन्यात बसलात? काय झालं?"

ताईने मान वर केली नाही. तिचा हात धाकटीने आपल्या स्वेटरच्या आड ओढून घेतला.

"काही नाही हो," धाकटी म्हणाली. "तुम्हांला एक गंमत सांगू?"