निळ्या थाळीवरचं नाव

महापूर ओसरला, सांगलीच्या घरातला चिखल उपसून झाला, आणि विनोदिनीबाई आपलं सामान न्यायला टेम्पो घेऊन विट्याजवळच्या वस्तीवर आल्या. मनुबाई सकाळपासून आत-बाहेर करत होती. पाणी चढायला लागलं त्या दिवशी तिचा नवरा नाथाजी ट्रॅक्टर घेऊन सांगलीला गेला होता आणि बाईंची भांडीकुंडी, गाद्या, देव, सगळं भरून घेऊन आला होता. बाईंचे यजमान गोपाळकृष्ण वकील हयात होते तेव्हा नाथाजीच्या बांधाचा खटला त्यांनीच लढवला होता. त्या माणसाच्या घरची ठेव आपल्या दारात आली. ती जशीच्या तशी परत गेली पाहिजे, एवढंच मनुबाईनं धरून ठेवलं होतं.

सोपं नव्हतं ते. पूरग्रस्तांचं जेवण शाळेत शिजत होतं, घरोघरची पातेली तिकडं जात होती. घरात पाहुण्यांची रीघ. कुणाचं ताट कुणाच्या मांडणीवर जाऊन बसेल, नेम नव्हता. मनुबाईनं त्यावर उपाय केला होता.

"वैनी, बघून घ्या," ती म्हणाली. "एक चमचा इकडचा तिकडं झाला न्हाई."

बाईंनी तांब्या उचलून अगदी डोळ्यांजवळ धरला. गळ्याखाली बारीक अक्षरांत कोरलं होतं: विनोदिनी गोपाळकृष्ण, सांगली. वाटीवर तेच. परातीवर तेच.

"अहो मनुबाई, सगळ्यांवर नाव घातलंत?"

"मंग! विट्यात सिद्धूच्या भांड्याच्या दुकानात पोतं भरून न्हेलं. दिसभर त्याचं मशीन गुरगुरत हुतं."

"माझ्या कपाळावर बी घालून आणलं असतं हिनं," नाथाजी म्हणाला, "पर मीच पळालो."

"तुमाला कोन न्हेतंय वो चोरून?"

बाई हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसत असाव्यात, कारण हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

मग मनुबाईनं आतून एक गाठोडं आणलं. स्वतःच्या नव्या लुगड्यात बांधलेलं. "ही मातूर कुणाला दावली बी न्हाई."

गाठ सुटली. पांढरीशुभ्र मोठी थाळी, तिच्यावर निळ्या रंगात नदी, पूल, होडी, वाकलेलं झाड. आणि झाड नि पुलाच्या मधल्या मोकळ्या पांढऱ्यावर, आडवं कोरलेलं: विनोदिनी गोपाळकृष्ण, सांगली.

बाईंचं हसू तोंडावरच राहिलं. हात पुढं आला आणि मधेच थांबला.

"मागल्या अंगाला घालतो म्हनत हुता सिद्धू," मनुबाई उत्साहानं सांगत होती. "मी म्हनलं, मागं कोन बघतंय? म्होरं घाल. चिनी मातीवर कवा घातलं न्हाई म्हनला, पर चाललं की मशीन..."

नाथाजीनं तिचा दंड दाबला. तेव्हा तिनं बाईंकडं नीट पाहिलं. चेहरा थाळीसारखाच पांढरा पडला होता.

"वैनी? काय चुकलं का?"

"ही चीनमध्ये घडलेली," बाई सावकाश म्हणाल्या. "दोनशे वर्षं तरी झाली. जहाजातून मुंबईला आली. यांच्या पणजोबांनी एका साहेबाच्या लिलावातून आणली. साताऱ्याला संग्रहालयात द्यायची, असं हे शेवटी शेवटी म्हणत होते."

जत्रेत मिळते तसली मोठी बशी, एवढंच मनुबाईला वाटलं होतं. कानात नुसती सिद्धूच्या मशीनची गुरगुर भरून राहिली.

शेवटी बाईंनीच स्वतःला सावरलं. "राहू दे. नाव माझंच आहे ना? नाही द्यायची साताऱ्याला. घरातच ठेवीन. दिवाळीला हे पाहुण्यांपुढं ती वाजवायचे. देवळातल्या घंटेसारखी वाजते. तो आवाज मला पुष्कळ आहे."

त्यांनी थाळी तळहातावर तोलली आणि बोटाच्या पेरानं काठावर टिचकी मारली.

बद्द.

पुन्हा मारली. बद्द.

बाईंना कळेना. मनुबाईला मात्र पहिल्याच टिचकीला कळलं. बाजारात आजवर एकही मडकं तिनं वाजवल्याशिवाय घेतलं नव्हतं. तिनं थाळी घेऊन उन्हाकडं धरली. नावातल्या पहिल्या अक्षरापासून केसाएवढी रेघ निघून पार काठाला गेली होती.

गप्प राहता आलं असतं. बाईंची नजर अधू होती.

"वैनी, चिरली," ती म्हणाली. "मशीननं चिरली. मी चिरवली."

बाई भिंतीला टेकल्या. रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ही इथंच ठेवा. मला बघवणार नाही."

टेम्पोत सामान चढलं. बाई पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या. तेवढ्यात मनुबाई पायात चपला न घालताच आली, छातीशी गाठोडं.

"ठेव हाय ती. माज्या घरात ऱ्हायची न्हाई. शिव्या घाला, दारात आपटा, पर तुमच्या दारात."

"मनुबाई, नको म्हटलं ना."

"सरका वैनी."

"अगं, चपला तरी!" नाथाजी ओरडला. तिनं ऐकलं नाही.

बाईंनी तिच्याकडं पाहिलं नाही, पण अंग चोरून जागा केली. तासगाव येईपर्यंत बाई समोरच्या रस्त्याकडंच बघत राहिल्या. गावाच्या तोंडाशी गतिरोधकावर टेम्पो उडाला, आणि मनुबाईच्या मांडीवरच्या गाठोड्यावर दोघींचे हात एकदमच पडले. तिथंच राहिले.