भोंग्याची तार

निमगाव केतकीच्या स्टँडवर एसटीतून उतरताना सर्जेरावांनी सवयीने उजवा पाय पुढे केला. मग आठवले, तो तीन महिन्यांपूर्वीच जळोचीच्या बांधकामावर राहिला. पण पायाला हे कुणी सांगावे? डोळा लागला की तो आपला टिपरमागे मऊ मुरमात चालू लागायचा, अगदी निवांत.

कुबडीवर सावरत ते आफताबच्या घराकडे निघाले. टिपर चालवायचा आफताब, आणि मागे उभे राहून ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणायचे सर्जेराव. मागे येणारा टिपर सर्जेरावांच्या पायावर चढला, तेव्हापासून आफताबने स्टेअरिंगला हात लावला नव्हता. रिव्हर्सचा भोंगा बंद होता आणि आपण तो तपासला नाही, असे तो गावभर सांगत सुटला होता. बिचारा! आणि सर्जेराव तोंड शिवून बसले होते.

खरे वेगळेच होते. त्या दिवशी साइटवरच्या द्वारकाबाईंची नात तापाने फणफणली होती आणि भोंग्याने सारखी दचकत होती. आफताब चहाला गेला तशी सर्जेरावांनी भोंग्याची तार उपटली. आपला आवाज असताना भोंग्यावाचून काय अडते, ही मिजास! दुपारी आफताबला हाताने ‘ये’ अशी खूण केली, तेवढ्यात पोर झोपल्याचे सांगायला द्वारकाबाई आल्या. ते पाठ वळवून बोलत राहिले. उन्हाची गुंगी होती, मिक्सर संथ घरघरत होता. भोंगा नाही म्हणजे गाडी अजून हलली नाही, हे कानांचे वीस वर्षांचे वळण. तार सकाळी आपणच काढली, हे त्या घटकेला साफ विसरले.

अंगणात आफताबची बायको मुनिरा चहा घेऊन आली. सर्जेरावांनी कप घेतला नाही.

“तार मी काढली व्हती, आफताब. तुला न सांगता.”

आफताबने आपले दोन्ही तळवे त्यांच्यापुढे धरले. “तीन महिनं मी लेकीला जवळ घेतलं न्हाय, आबा. हात घाण वाटायचं.”

“व्हय. घाल शिव्या.”

त्याने शिव्या घातल्या नाहीत. तो रडला, आणि मुनिरा कप तसाच घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी आफताबला घेऊन साइटवर जाऊन सर्जेरावांनी हेच मुकादमाला सगळ्यांदेखत सांगितले. पाय गेला म्हणून गेटवर बसायची नोकरी देऊ केली होती, ती मुकादमाने तिथल्या तिथे काढून घेतली. सर्जेरावांना वाईट वाटले, पण छाती हलकी झाली.

आफताब केबिनमध्ये चढला खरा, पण रिव्हर्स टाकायला हात उचलेना. तेव्हा सर्जेराव कुबडी टेकत गेले आणि टिपरच्या बाजूला, त्याच्या आरशात दिसतील असे उभे राहिले.

“दिसतोय का रं?”

“दिसताय, आबा.”

चाके इंचाइंचाने मागे येऊ लागली. सर्जेराव जागचे हलले नाहीत.