पडद्यावरचे किडे

भांडुपच्या आमच्या सोसायटीचा हॉल गच्च भरला होता. टेबलावर सूक्ष्मदर्शक, मागे मोठा पडदा आणि समोर भगवी शाल पांघरलेले देवव्रतगुरुजी. आमच्या शेजारच्या नितेशच्या बोटाला सुई टोचून त्यांनी टपोरा थेंब काचेवर घेतला आणि बोलत सुटले.

"पूर्वजन्मीचं विष रक्तात उतरतं, माउली! त्याचे किडे होतात. डॉक्टर यंत्राने बघतो, मी मंत्राने बघतो!"

यंत्र त्यांच्याही पुढ्यातच होतं, पण तिकडे बघतो कोण?

पडद्यावर लांबलचक किडे हलू लागले. बायका शहारल्या. मग गुरुजींनी नितेशला काढा पाजला, दुसरा थेंब घेतला, त्यात कुपीतलं 'तीर्थ' मिसळलं. किडे गायब! पडद्यावर नुसते सुटे गोल ठिपके.

नितेशला क्षय होता. गोळ्यांनी त्याला मळमळायचं. त्याची आई, जानकीकाकू, रडतच माझ्याकडे वळली. "बघलंस मां रुचिरा? माझो झील बरो झालो!"

"काकू, गोळ्या थांबवू नका."

"आता गोळ्यो कित्याक? किडे गेले मां!"

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. राहवेना. पुढे जाऊन नवी सुई घेतली, स्वतःचं बोट टोचलं, जाड थेंब काचेवर ठेवून थोडी थांबले. पडद्यावर तेच किडे!

"मी तर ठणठणीत आहे," मी म्हणाले. "हे किडे नाहीत. रक्तातल्या तांबड्या पेशी चपट्या असतात. थेंब जाड असला की त्या एकमेकींना चिकटतात, नाण्यांची चळत रचावी तशा. द्रव वाहतो म्हणून चळत हलते."

मग हॉलच्या स्वयंपाकघरातून पेलाभर पाणी आणून त्यात किंचित मीठ विरघळवलं आणि माझ्या दुसऱ्या थेंबात मिसळलं. चळती सुटल्या. काढा नाही, मंत्र नाही.

"भिंगं वस्तू मोठी करून दाखवतात, बस. ती काय आहे ते आपण ओळखायचं असतं. आणि क्षयाचे जंतू असे रक्तात दिसतच नाहीत. फुप्फुसाचा क्षय थुंकीत शोधतात, तोही रंग देऊन."

गुरुजी हसले. "बाईंच्या रक्तातही विष निघालं! आणि मिठाने दृष्ट उतरते, हे तर त्यांनीच दाखवलं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. रांग पुन्हा पुढे सरकली.

नितेशने गोळ्या सोडल्या. मी रोज दार वाजवायचे. तो म्हणायचा, "जाऊ दे ना यार, मला आता बरं वाटतंय." पुढे रक्ताची उलटी झाली तेव्हा इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मला त्याच्या थुंकीची काच दाखवली. निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्याच काड्या, रंग दिलेले क्षयाचे जंतू. नंतरच्या तपासणीत कळलं, नेहमीची औषधं त्या जंतूंवर चालेनाशी झाली होती. दुसरी सुरू केली, पण फुप्फुसं पार पोखरली होती. नितेश गेला.

बाराव्याला काकू म्हणाल्या, "गुरुजींचा काय चुकला नाय गो. आमचीच भक्ती कमी पडली."

गुरुजी आता मुलुंडला बसतात, गर्दी तशीच आहे.

तुम्ही गेलात, तर एवढंच करा. आधी निरोगी माणसाचा थेंब त्याच तऱ्हेने दाखवायला सांगा. मग काढा पाजून, पण 'तीर्थ' न मिसळता दुसरा थेंब दाखवायला सांगा. गुरुजी चिडतील, लोक तुम्हाला खाली बसवतील. बसा, पण घरी आल्यावर डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्या.